खिडकीवाली पेढी

१

माझी पोरगी पायल जुनी घरं वाचवते. असं सांगितलं की अकोल्यातले लोक विचारतात, "म्हणजे नेमकं करते काय जी ते?" पगार विचारत नाहीत, तेवढी भीड अजून शिल्लक आहे. ती आर्किटेक्ट आहे. बरोबरीच्या पोरी बिल्डरांकडे लागून गाड्या घेऊन बसल्या आणि ही बाई चुन्यात गूळ-मेथी किती घालायची याचा हिशोब लावत फिरते. मी तिला यावरून रोज टोमणे मारतो, आणि चारचौघांत तिचंच कौतुक सांगतो.

मी देवराव तायडे. वय त्रेसष्ट. कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं ग्रेडर होतो. मूठभर कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून पाहायचा, ग्रेड सांगायची आणि शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या, ही माझी नोकरी. तोंडानं मी फटकळ आहे. माझी बायको शालू पाहुण्यांना दारातच तशी कल्पना देऊन ठेवते.

भूतखेत मी मानत नाही. माझ्या बापानं बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावल्या होत्या आणि आम्हां भावंडांना पाढ्यांच्या आधी त्या पाठ करायला लावल्या होत्या. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे म्हातारा नादी लागला असं वाटणार नाही.

जुन्या कापूस बाजाराच्या मागे एक पेढी आहे. कापसाच्या व्यापाऱ्याची, शंभर-सव्वाशे वर्षांची. खाली पेढी, वर घर. सागाचे खांब, रंगीत काचा, दोन-दोन हात जाडीच्या भिंती. शेठजींचं कुटुंब केव्हाच सुरतेला गेलं. एका ट्रस्टनं ती जागा घेतली, तिथं कापसाच्या व्यापाराचं संग्रहालय करायचं ठरवलं आणि काम पायलकडे दिलं. पण त्याआधीच इमारत धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस दारावर लागली होती. पायलनं दुरुस्तीसाठी मुदत वाढवून मागितली होती. मिळाली तर पेढी उभी राहणार, नाही तर महिनाअखेर बुलडोझर. ती त्या काळजीनं जेवायची नाही.

या पेढीला गावात 'खिडकीवाली पेढी' म्हणतात. ओसरी आणि आतली खोली यांच्या मधल्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, वीतभर रुंद खिडकी आहे. तिच्यावर कापड सोडलेलं असायचं. पूर्वी कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. कापडाखाली हात धरायचे आणि बोटं दाबायचे. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा धरला म्हणजे पाच. मनगट दाबलं की मंजूर, हात झटकला की नामंजूर. आधी भाव ठरे, मग माल किती दिवसांत उचलायचा ते. विकणाऱ्यानं डावा हात मालावर ठेवायचा, म्हणजे सौदा कशाचा चाललाय यात घोळ नको. इतर पेढ्यांत दोघं समोरासमोर बसत. इथं मात्र घेणारा आत, विकणारा बाहेर. आत कोण बसलंय ते कळू द्यायचं नाही, अशी या शेठजींची रीत होती.

माझा बाप याच पेढीवर हमाल होता. कापडाखाली त्याचा हात कोणी धरला नाही, धरणारही नव्हतं. पण बघून बघून त्यानं सगळी बोटं पाठ केली, घरी मला शिकवली, आणि मी पायलला. आता हे जाणणारे अकोल्यात तिघंचौघं उरले असतील. म्हणून संग्रहालयासाठी पायल त्याचं शूटिंग करत होती. रोज अकरा वाजता चहा झाला की मी ओसरीवर बसायचो आणि रहमतुल्ला मिस्त्री आत शेठ होऊन बसायचा. रहमतुल्ला परतवाड्याचा, पेढीचं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे. पहिल्या दिवशी त्यानं माझी बोटं इतकी कचकचून दाबली की मी ओरडलो, "अबे, सौदा कर, रंधा नको मारू!"

२

सोमवारी अकराला लाइट गेली ती दीडला आली. पायलनं घाईघाईनं कॅमेरा स्टँडवर चढवला. मी खिडकीपाशी मांडी घालून बसलो. कापसाची टोपली कोणीतरी वर नेऊन ठेवली होती. पायल माझ्या डावीकडे बसून कापडाच्या सुरकुत्या नीट करत होती.

"बाबा, टोपली आनू का?"

"राहू दे. तेवढ्यात लाइट जाईन पुन्हा." मी डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा कापडाखालून खिडकीत घातला. "बोला शेठ! एक नंबर माल हाये. असा धागा जिल्ह्यात नाई. काय देता?"

"बाबा!" पायल हसली. "मले इकून राहिले का?"

आतून हात आला. खालून वर आला, हे मला तेव्हाच जाणवलं. रहमतुल्लाचा हात रोज समोरून यायचा. म्हटलं, बसला असेल ऐसपैस. कापूस पारखणाऱ्याच्या हाताला हात कळतो. रहमतुल्लाच्या तळव्याला घट्टे आहेत. हा हात कोरडा, गुळगुळीत आणि थोडा कोमट होता. म्हटलं, आज मिस्त्रीनं काम केलेलं दिसत नाही.

त्यानं माझा अख्खा पंजा धरला. पाच.

मी मुद्दाम भाव खाल्ला, बोटं सैल सोडली. पुन्हा पाच. घाई नाही, जोर नाही. रहमतुल्लाला एवढा धीर कधी नसतो. मी हसत हसत मनगट दाबलं, मंजूर. मग त्यानं माझी चार बोटं एकेक करून मोजल्यासारखी दाबली. चार दिवसांत माल उचलणार. मी त्यालाही मनगट दाबलं.

हात गेला. मी पायलच्या खांद्यावरचा हात काढला आणि म्हणालो, "गेली तू. चार दिवसांनी पार्सल."

"मस्त आलं," ती कॅमेऱ्यात पाहत म्हणाली. "एकदम खरं वाटून राह्यलं."

३

मी चप्पल घालत होतो तेवढ्यात फाटकातून रहमतुल्ला आला. डोक्यावर टोपी, हातात पेरूची पिशवी.

"अजी देवरावभाऊ, लाइट आली काय? मी जोहरची नमाज पढून आलो. चला, बसू."

मी चप्पल परत काढली. "मंग आत्ता आत कोन होतं?"

"आत कुठी?"

"खिडकीच्या आत. तुह्या जागी."

"तिथं कोन बसनार जी?" तो म्हणाला. "सकाळीच तिथली फरशी उखडली ना आमी. वायवीनं खाल्लेल्या तुळ्या काढल्या. कमरेइतका खड्डा हाये तिथं."

आतलं दार उघडून पाहिलं. खोलीभर खड्डा होता. खिडकी आता खड्ड्याच्या तळापासून पुरुषभर उंचीवर होती. तळाला भुसभुशीत माती, तिच्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. उन्हाची एक पट्टी मातीवर पडली होती आणि तिच्यात धूळ संथपणे फिरत होती.

पायल मागून आली. "मले माहीत होतं ना काका नाईत ते. मले वाटलं तुमी तालीम करून राहिले. ॲक्टिंग मस्त केली, बाबा."

तिनं मला कॅमेऱ्यात दाखवलं. मी बसलेलो, हात खिडकीत, तोंडभर हसू. खिडकीवरचं कापड अधूनमधून हलत होतं. माझ्या हातानं हललं असेल तेवढंच.

मला साखरेचा आजार आहे. हातापायांना मुंग्या येतात, कधी कोणी बोट धरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी त्याला नावही सांगितलं होतं. मी ते नाव आठवायचा प्रयत्न केला आणि घरी आलो. आजारानं हाताला मुंग्या येतील, पण त्या चारपर्यंत मोजतील का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मला झोप चांगली लागली.

४

मंगळवारी सकाळी शालू न्हाणीघरातून ओरडली, "पायल, वं पायल! हे काय लावून आनलं वं? तीनदा साबन लावला, निंघूनच नाई राह्यलं!"

सोमवारच्या कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर गेरूचा डाग होता. रुपयाएवढा गोल आणि त्यात एक उभी रेघ.

"मिस्त्रीचा गेरू असन," पायल म्हणाली. "लाकडावर खुना करतेत ते."

मी डागावरून नख ओढून पाहिलं. व्यापाराची एक रीत आहे. सौदा झाला तरी माल लगेच उचलत नाहीत. उचलेपर्यंत तो विकणाऱ्याच्याच घरी राहतो. फक्त घेणाऱ्याचा मार्का त्याच्यावर लागतो, म्हणजे तो माल दुसऱ्या कोणाला जायला नको.

संध्याकाळी ती पेढीवरून आली तेव्हा अंगात दुसरा कुर्ता होता, निळा. खांद्यावर तोच डाग. मी तडक रहमतुल्लाला फोन लावला आणि त्याच्यावर उखडलो, गेरूचे हात लावत फिरतो का म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "देवरावभाऊ, मी पेन्सील वापरतो. गेरू माह्या पेटीत नाई. अन् पोरीच्या खांद्याले मी कायले हात लावन?" मला लाज वाटली. माफी मागून फोन ठेवला.

बुधवारी सुट्टी होती. पायल दिवसभर घरी. कपाटातला धुतलेला, इस्त्रीचा पांढरा कुर्ता तिनं माझ्यासमोर घडी मोडून घातला. दुपारी जेवायला बसलो. शालू वाढता वाढता थांबली. तिनं पायलच्या खांद्यावर हात फिरवला, गळ्यापासून कुर्ता जरा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कपड्याले नाई हो हे," ती हळूच म्हणाली. "आंगाले हाये. आंगातून वर येऊन राह्यलं."

"ॲलर्जी," पायल तोंडात घास घेऊन म्हणाली. "चुन्याची. आई, भाजीत मीठ कमी हाये."

मी घास ताटात परत ठेवला. मी भ्यालो तो तेव्हा. त्याआधी नुसतं कुतूहल होतं.

५

गुरुवारी चार वाजता पायल जिना दणदणवत वर आली. हातात पत्र.

"बाबा! वाचली! पेढी वाचली!"

तिनं मला गरागरा फिरवलं. शालूला उचललं. शालू म्हणे, "पडशीन ना माय, सोड मले!" घरात इतकं हसू मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मुदतवाढीचं पत्र होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि एका ओळीवर थांबलो.

"तू मुदत कितीची मागतली होती?"

"एक वर्षाची. तेही देतीन का नाई म्हनून मी रडून राहिली होती. अन् त्यांनी पाच देल्ले! डायरेक्ट पाच वर्षं!"

मी पत्र टेबलावर ठेवलं. माझा पंजा मला तिथल्या तिथं दुखू लागला, पाचही बोटं.

"बाबा, खूश नाई का तुमी?"

"हाव, खूश हाये ना."

"अन् आनखी एक सांगतो," ती म्हणाली. "उद्यापासून मी पेढीवरच राहीन म्हन्तो. वरची खोली चांगली झाली. इथून जानं-येनं करन्यात टाइम जाते. उद्या गादी अन् कपडे नेतो."

सोमवार ते शुक्रवार, चार दिवस. मी बोटांवर मोजलं नाही, गरजच नव्हती.

मग मी भांडलो. आधी जागा धोक्याची आहे म्हणालो, मग लोक काय म्हणतील म्हणालो, जे मी उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं. पायलनं टेबलावरचं पत्र उचलून घडी घातली. ती चिडली नाही, तिला वाईट वाटलं.

"तुमी तं मले कोनाले भ्यायचं नाई असं शिकवलं. आता तुमीच काहून भेऊन राहिले?"

काय सांगू तिला? की मी तुला विकलं? हसत हसत, तुझ्याच खांद्यावर हात ठेवून? माझ्या बापाची फ्रेम समोर भिंतीवर होती. तिच्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही.

६

शुक्रवारी सकाळी सातला मी पायलच्या पर्समधून किल्ली काढली आणि फिरायला जातो सांगून निघालो. जानेवारीची थंडी होती. बाजारात सरकीचे ट्रक उभे होते, ड्रायव्हर शेकोटीभोवती चहा पीत होते. एकानं "काका, या" म्हटलं. फार वाटलं की तिथंच बसावं.

ओसरीवर स्वच्छ ऊन होतं. मी खिडकीसमोर मांडी घातली. स्वतःला म्हणालो, देवराव, आत खड्डा आहे. पाच मिनिटं हात घाल, काही लागत नाही याची खात्री कर आणि उठ. डावा हात मी माझ्या छातीवर ठेवला. उजवा कापडाखाली घातला.

हात तिथंच होता. वाट पाहत असावा तसा.

सौद्यात बदली माल देता येतो, घेणाऱ्याला पसंत पडला तर. म्हणून मी छातीवर थाप मारली. मला घ्या. त्या हातानं माझं बोट चिमटीत धरलं आणि हळूच ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मी एकतीस वर्षं कापसाचा धागा असाच पाहिला होता. मग त्यानं माझा हात झटकला. हलका माल. नामंजूर.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी तिथं बसून लहान पोरासारखा रडलो. माझा हात तसाच आत होता. आणि रडता रडता मला राग आला. माझ्या बापाचा हात यांनी जन्मभर धरला नाही, आणि आज माझी पोरगी उचलायला निघाले. रागात माणसाचं डोकं चालतं, निदान माझं तरी.

"शेठ," मी मोठ्यानं म्हणालो, "तो सौदाच खोटा होता. माल माहा नव्हता."

हात थांबला.

"दुसऱ्याचा माल इकला तं सौदा रद्द. तुमच्याच बाजाराचा कायदा हाये. पायल माह्या मालकीची नाई. तिले मी वाढवलं, शिकवलं, पन तिची मालक तीच. तिच्यावर हात ठेवून भाव ठरवायचा अधिकार मले कधीच नव्हता. बापाले नसतेच तो."

वरच्या कौलांवर कबुतरं चालत होती. मग माझं मनगट दाबलं गेलं. अगदी सावकाश. मंजूर.

मी हात काढला आणि त्याच झटक्यात कापड वर केलं. हे करायला नको होतं, पण राहवलं नाही. आत खड्डा, माती, उन्हाची पट्टी. कोणी नव्हतं. फक्त खिडकीच्या कडेला काहीतरी सरकताना दिसलं. चार बोटांची टोकं. ती आत खोलीकडे गेली नाहीत. बाजूला गेली, भिंतीच्या जाडीत, आणि त्या जागी विटा आणि चुना होता.

घरी आलो. पायल केस पुसत होती. मी काही न विचारता तिच्या खांद्याकडे पाहिलं. स्वच्छ.

"ॲलर्जी गेली पाहा," ती म्हणाली. "अन् बाबा, तुमचंच खरं. तिथं कायले राहाव? थंडी भल्ली पडते."

त्या दिवशी मी बाजारातून चिकन आणलं. शालू म्हणाली, "आज कोन्ता सन हाये?" मी म्हणालो, "गप, मसाला वाट." रात्री आम्ही तिघं पत्ते खेळलो आणि मी मुद्दाम हरलो.

७

शनिवारी साडेनऊला पायलला फोन आला. ती गॅलरीत उभी राहून बोलत होती. मला तिची पाठच दिसत होती. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

पत्र चुकून गेलं होतं म्हणे. दुसऱ्याच इमारतीचं होतं. मुदतवाढ नाही, पाच नाही आणि एकही नाही. पेढी महिनाअखेर पडणार.

व्यवहार म्हणून पाहिलं तर बरोबरच होतं. सौदा मोडला की घेतलेला भाव परत जातो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी माझी पोरगी परत आणली तेव्हा किंमत कुठून वळती होणार, हे मी पाहिलंच नाही.

पायल रडली नाही. "सामान काढून घेतो तिथलं," म्हणाली आणि गेली. शालू म्हणाली, "जा तिच्या मांगं, उपाशी गेली ते." मी डबा घेतला आणि रिक्षा केली.

अकरा वाजले असतील. फाटक उघडं होतं. रहमतुल्ला अंगणात हत्यारं पेटीत भरत होता. मला पाहून म्हणाला, "पोरीले समजवा जी. मघापासून तिथंच बसून हाये."

पायल ओसरीवर खिडकीसमोर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत आत. डावा हात तिच्या स्वतःच्या छातीवर, तळवा पसरून. चेहरा शांत होता. फोनवर एखाद्या कामाचं बोलताना असतो तसा.

माझ्या हातातून डबा पडला. "पायल, हात काढ!"

"थांबा ना, बाबा. बोलनं चालू हाये."

"कोनाशी बोलून राहिली तू?"

"तुमीच तं सांगून गेले ना त्यायले," ती म्हणाली, "की माझी मालक मीच म्हनून. मंग माझ्याशीच बोलाव लागन ना त्यायले."

हे मी बंद पेढीत बोललो होतो. काल सकाळी, एकट्यानं. घरात एका माणसाला सांगितलं नव्हतं.

मी गुडघ्यावर पडलो आणि तिचा छातीवरचा हात दोन्ही हातांनी धरला. माल दाखवणारा हात हटला तर सौदा होत नाही. मी तो ओढला, उचलला, घट्ट धरून ठेवला. ती ओढाताण करत नव्हती. तिचा दुसरा हात मात्र खिडकीत होता आणि कोपराजवळची शीर हलत होती.

"चाल घरी," मी म्हणत होतो. "माय, चाल घरी. घरं पन्नास मिळतीन. हे नाई तं दुसरं वाचव. वरूडले एक हाये म्हने, मोर्शीले हाये."

"आयका तं, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, खराखुरा, गुरुवारी जिन्यात होता तसाच. "तुमाले पाचच देल्ले होते त्यायनं. मले भाव चांगला देऊन राहिले."

एकतीस वर्षांची सवय वाईट. मी कापसाच्या गाडीजवळून जाताना आजही भाव विचारतो, ओळख असो नसो. ओठांवर शब्द आला आणि तोंडातून निसटला.

"किती?" मी विचारलं.

पायलनं माझ्या कानाशी तोंड आणून आकडा सांगितला. इतक्या वर्षांत इतका भाव मी कुठे ऐकला नव्हता. क्षणभर माझी बोटं सैल पडली आणि तिनं हात सोडवून घेतला, पुन्हा स्वतःच्या छातीवर ठेवला.